बादल्या म्हणून गेलेल्या खुर्च्या

जहाजाने माल परदेशी पाठवायचा म्हणजे आधी माल जात नाही, आधी कागद जातो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटतं, खोकी भरली, कंटेनरला सील ठोकलं, बंदरावर नेऊन सोडलं की आपण मोकळे. तसं काही नसतं. कंटेनर जहाजावर चढण्याच्या चोवीस तास आधी तिकडच्या देशाच्या कस्टमला सगळं कळवावं लागतं. आत काय आहे, किती नग आहेत, वजन किती, पाठवतोय कोण, घेणार कोण. आणि चोवीस तास म्हणजे चोवीस तास. दहा मिनिटं उशीर झाला तरी कंटेनर धक्क्यावर, जहाज समुद्रात, आणि पाठवणारा कपाळाला हात लावून बसलेला.

हे कळवायचं काम बाई करायच्या. सगळं ऑफिस त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं. ऑफिसात आणखी चार बायका होत्या, पण त्यांना आपापली नावं होती. बाई म्हणजे ह्याच. सव्वीस वर्षं त्या एकाच टेबलापाशी बसत होत्या. सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना त्यांच्या स्वतःच्या नावावर होता, आणि संगणकावर घोषणापत्र भरलं की सहीच्या जागी त्यांचाच क्रमांक उमटायचा. साहेब ऑफिसचे मालक खरे, पण त्या क्रमांकाशिवाय त्यांच्या ऑफिसातून एक खोकं समुद्रापर्यंत गेलं नसतं. हे साहेबांना ठाऊक होतं, आणि बाईंना जरा जास्तच ठाऊक होतं.

आता चोवीस तास आधी माल भरून तयार असतो असं फक्त नियम करणाऱ्यांना वाटतं. खरं म्हणजे त्या वेळी कारखान्यात रंग वाळत असतो, खोकी कमी पडलेली असतात आणि मालाची यादी करणारा माणूस फोन उचलत नसतो. यावर बाईंनीच पंधरा वर्षांपूर्वी तोड काढली होती. गर्दीच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचं बिनबोभाट पास झालेलं घोषणापत्र उचलायचं, पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव आणि कंटेनरचा क्रमांक बदलायचा, आणि मुदतीच्या आत देऊन टाकायचं. मागाहून खरी यादी आली की दुरुस्ती करायची. कंटेनर जहाजावर चढायच्या आत दुरुस्ती केली तर कोणी हूं की चूं करत नाही. चढल्यावर केली की चौकशी लागते. ऑफिसात याला ‘रुमाल टाकणं’ म्हणत. नियमात हे बसत नव्हतं, ते वेगळं सांगायला नको. पण पंधरा वर्षांत बाई एकही दुरुस्ती विसरल्या नव्हत्या, आणि साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, “आमच्या बाईंमुळे आमचा एक डबा कधी मागे राहिलेला नाही.”

बाईंना एक धाकटा भाऊ. बाई त्याला बाळ्या म्हणत. बाळ्या चव्वेचाळीस वर्षांचा होता, त्याला दोन मुलं होती, हाताखाली सतरा माणसं होती, आणि चारचौघांत बाळ्या म्हटलेलं त्याच्या बायकोला मुळीच आवडत नसे. म्हणून बाई चारचौघांत तर हटकून म्हणत.

वडील गेले तेव्हा बाई वीस वर्षांच्या आणि बाळ्या नऊचा. आई त्यानंतर अंथरुणाला खिळली ती पाच वर्षं. बाईंनी कॉलेज सोडलं, आधी एका गोदामात नोंदी लिहिल्या, मग या कामात शिरल्या. आईचं औषधपाणी, बाळ्याची शाळा, मग त्याचं लाकूडकामाचं शिक्षण, सगळं त्यांनी ओढलं. दोन चांगली स्थळं चालून आली होती; दोन्हींना त्यांनी नाही म्हटलं, कारण बाळ्याला कोणाच्या गळ्यात टाकणार? हे सगळं शंभर टक्के खरं होतं. वाईट एवढंच, की बाई ते कोणाला विसरू देत नसत. भावाच्या घरी पाण्याचा पेला यायला उशीर झाला तरी त्या म्हणायच्या, “असू दे. मी काय, आयुष्यभर थांबतच आलेय.” बाळ्या खाली मान घालायचा. भावजय शाळेत शिकवायची, ती तोंडावर काही बोलायची नाही, पण आत जाऊन भांडी आपटायची.

तर या बाळ्याला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. तो लहान मुलांच्या लाकडी खुर्च्या आणि टेबलं बनवायचा. कोपरे गोल, रंग चाटला तरी अपाय नाही, आणि मूल खुर्चीवर उभं राहिलं तरी ती कलंडायची नाही. परदेशातल्या एका संस्थेच्या चाळीस बालवाड्या होत्या, त्यांनी साडेबाराशे खुर्च्या आणि दोनशे टेबलं मागवली. अट एकच होती, शाळा उघडायच्या आत माल पोचला पाहिजे. पोचला तर पुढची तीन वर्षं दरवर्षी एवढाच माल. नाही पोचला तर मुलं जमिनीवर बसवता येत नाहीत, ते दुसरीकडून घेणार आणि हा माल घेणार नाहीत. बाळ्याने मागची शेड भाड्याने घेतली, सहा कारागीर वाढवले, बायकोने शाळेतून बिनपगारी रजा काढून खोकी भरली. त्या एका कंटेनरवर त्या घराचं सगळं येऊन थांबलं होतं.

आणि ऐन वेळी दाखला अडला. लाकूड म्हटलं की त्यातली कीड मारल्याचा सरकारी दाखला लागतो. त्याचा क्रमांक घातल्याशिवाय घोषणापत्र पुढे सरकत नाही. जहाजावर माल चढणार होता गुरुवारी दुपारी दोनला. म्हणजे घोषणापत्र बुधवारी दोनच्या आत जायला हवं. आणि दाखला देणारा माणूस म्हणत होता, बुधवारी तीननंतर येतो.

मंगळवारी बाळ्या बाईंच्या टेबलासमोर येऊन बसला. त्याच्या बोटांच्या पेरांत निळा रंग अडकलेला होता. “ताई, काही करता येईल का?”

“तू नको काळजी करू. मी रुमाल टाकते.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते तुला कळायची गरज नाही. दाखला आणि यादी हातात पडली की तेवढी मला लगेच पाठव. बाकी मी बघते. आजवर कोण बघत आलंय?”

“तूच, ताई,” बाळ्या म्हणाला. हे तो नेहमीच म्हणायचा.

तो गेल्यावर बाईंनी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचं घोषणापत्र काढलं. प्लास्टिकच्या बादल्या, झाकणासह. त्याच देशाला बारा वेळा गेल्या होत्या, एकदाही कोणी प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी नावं बदलली, कंटेनरचा क्रमांक बदलला, आणि सही करून टाकली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी भावजयीचा फोन आला. “ताई, यादी आणि दाखला दोन्ही मेल केलंय. मिळालं का बघा.”

बाईंनी बघितलं. “मिळालं.”

“बरं झालं. आणि एक सांगायचं होतं. या कामाचं जे काही बिल असेल ते ऑफिसकडून रीतसर येऊ द्या. सूटबीट काही नको.”

“अगं, घरच्या माणसाचं काम आहे. मी साहेबांशी बोललेय.”

“घरचं आहे म्हणूनच म्हणते,” भावजय म्हणाली. “नाहीतर हेसुद्धा आम्हाला जन्मभर ऐकावं लागेल.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फक्त “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला.  त्यांना राग आला होता तो खोटं ऐकल्याचा नव्हता. खरं ऐकल्याचा होता, आणि तो फार वाईट असतो.

दुरुस्तीचं काम दहा मिनिटांचं. बादल्या खोडायच्या, खुर्च्या-टेबलं लिहायची, नग, वजन, दाखल्याचा क्रमांक, की संपलं. बाईंनी ते पान उघडलं आणि पुन्हा बंद केलं. कंटेनर चढणार उद्या दुपारी. सकाळी नऊला येऊन केलं तरी पाच तास हाताशी आहेत. बघू दे एक रात्र वाट. रीतसर बिल हवंय ना, मग कामही रीतसर होईल, ऑफिसच्या वेळेत, सवडीने. आणि तिच्या फोनवर नाही, बाळ्याने स्वतः फोन करावा. ताई, तुझ्याशिवाय मला कोण आहे, एवढं एक वाक्य त्याने म्हणावं. बाईंना तेवढंच हवं होतं. बरोबर साडेपाचला त्यांनी पर्स उचलली.

बसमध्ये असतानाच बाळ्याचा मेसेज आला. ‘ताई, झालं का?’ त्यांनी वाचला आणि फोन पर्समध्ये टाकला. सात वाजता तो दोनदा वाजला. बाई तेव्हा भाजी चिरत होत्या. त्यांनी हात पुसले, नाव बघितलं, आणि फोन ओट्यावर पालथा घातला. एवढं बोलल्यावर लगेच उचलायला आपण काही रस्त्यावर पडलेलो नाही, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्यांना दोन घास जास्तच गेले.

गुरुवारी सकाळी त्या टेबलापाशी पोचायच्या आतच शेजारच्या टेबलावरचा कारकून सुरू झाला. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बंद होत नसे. “बाई, तुमच्या भावाचा डबा वर गेला बरं का.”

“वर म्हणजे?”

“म्हणजे जहाजावर हो, देवाघरी नाही. आपल्या आधी धक्क्याला लागणारं जहाज बाहेरच बिघडलं, म्हणून आपल्या जहाजाला रात्रीच आत घेतलं. पहाटे पाचपर्यंत सगळे डबे चढवून मोकळे. काल पावणेसहाला मेल आला होता की सगळ्यांना.”

बाईंनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच संगणक चालू केला. मेल होता. कंटेनरपुढे लिहिलं होतं, ‘चढवला, ५.१०’. खाली दुरुस्तीची जागा अजून होती, पण तिच्यावर आता लाल अक्षरं आली होती. चढवल्यानंतरची दुरुस्ती. कारण द्या.

आता नीट ऐका, कारण इथून पुढे चूक राहत नाही. बुधवारी झाली ती एका दुखावलेल्या बाईची घटकाभराची खोडी म्हणता येईल. पण गुरुवारी सकाळी बाईंपुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होत्या. त्याच क्षणी दुरुस्ती केली असती तर चौकशी लागली असती, बाईंचा परवाना चौकशी संपेपर्यंत अडकला असता, कदाचित कायमचा गेला असता. पण बाळ्याचा माल पोचला असता. जास्तीत जास्त आठवडाभर तपासणीत अडकला असता, आणि शाळा उघडायला जहाज पोचल्यावरही बारा दिवस उरत होते. दुसरी वाट म्हणजे गप्प बसायचं. तिकडे शंभरातले दोन-तीनच डबे उघडतात. बादल्यांकडे तर कोणी ढुंकून बघत नाही.

आणि कारण तरी काय लिहायचं? भावजय तोडून बोलली म्हणून? बाईंनी ते पान बंद केलं आणि बाळ्याला फोन लावला.

“बाळ्या, चढला तुझा कंटेनर. पहाटेच.”

 पलीकडे त्याचा आवाज भरून आला. “ताई, रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही गं. तुझ्याशिवाय मला कोण आहे.”

बाईंना आदल्या दिवशी जे हवं होतं ते असं मिळालं. त्या म्हणाल्या, “बरं बरं, कामाला लाग.”

जहाजाला पोचायला सव्वीस दिवस लागणार होते. दुरुस्तीची लाल जागा तितके दिवस उघडी होती. बाई रोज सकाळी ते पान उघडत, जहाज कुठवर आलं ते बघत, आणि पान मिटत. बाळ्याचा रोज फोन यायचा. “ताई, कुठपर्यंत आलं?” बाई सांगायच्या. त्याने भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता आणि त्याचा धाकटा मुलगा त्यावर टाचणी सरकवायचा, असं तो हसत हसत सांगायचा. एका रविवारी त्यांनी बाईंना जेवायला बोलावलं. पाण्याचा पेला अगदी वेळेवर आला. भावजय ताट वाढता वाढता म्हणाली, “ताई, त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. दमले होते हो. मनात ठेवू नका.”

“छे गं,” बाई म्हणाल्या. “मी कधी मनात ठेवते का?”

घास तोंडात फिरत होता. त्यांना वाटलं, आत्ता सांगावं, इथेच, ताटावर बसून. सतरावा दिवस होता, अजून नऊ हातात होते. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. आणि त्या म्हणाल्या, “थोडं मीठ दे.”

सत्ताविसाव्या दिवशी तिकडच्या कस्टमने कंटेनर उघडला. बादल्यांच्या मानाने वजन फार भरलं, एवढंच त्यांना खटकलं होतं. दोन ओळींचा निरोप आला. घोषित माल, प्लास्टिकच्या बादल्या. आढळलेला माल, लाकडी खुर्च्या व टेबलं. खोटी घोषणा, आणि त्यात लाकूड, त्यात दाखल्याचा क्रमांक नाही. त्यांनी कंटेनर जप्त करून एका आवारात नेऊन ठेवला आणि प्रकरण नोंदवलं. बाईंनी मग धावपळ केली, दाखल्याची प्रत पाठवली, चार पत्रं लिहिली. तिकडून एकच उत्तर यायचं. प्रकरण रांगेत आहे. रांग पाच आठवड्यांची होती. जहाज पोचल्यापासून बाराव्या दिवशी शाळा उघडल्या, आणि तेराव्या दिवशी त्या संस्थेने बाळ्याला कळवलं की आम्ही दुसरीकडून खुर्च्या घेतल्या आहेत, कळावे.

“असं कसं झालं ताई?” बाळ्याने फोनवर विचारलं. “माझ्याकडून काही राहिलं का?”

तिथेही बाईंना संधी होती. त्या म्हणाल्या, “तिकडच्या लोकांचं काही सांगता येत नाही रे. लहर लागली की उघडतात.”

बाळ्याने सहाच्या सहा नवे कारागीर घरी पाठवले. मागची शेड सोडून दिली. भिंतीवरचा नकाशा भावजयीने काढला, तेव्हा धाकटा रडला म्हणे. हे सगळं बाईंना फोनवर कळत होतं, आणि बाई “अरेरे” म्हणत होत्या.

पण सरकारी कागद कोणाची भीड ठेवत नाही. महिन्याभराने तिकडून इकडच्या कस्टमला पत्र आलं, आणि इकडून दोन नोटिसा निघाल्या. एक पाठवणाऱ्याला, एक घोषणापत्र भरणाऱ्याला. खोटी माहिती कोणी दिली, याचा खुलासा करा. सुनावणी शुक्रवारी अकराला. चूक भरणाऱ्याची ठरली तर परवाना रद्द. पाठवणाऱ्याची ठरली तर त्याची निर्यातीची नोंदणी तीन वर्षं बंद. सोबत घोषणापत्राची प्रत होती. तीत बादल्या होत्या, झाकणासह, आणि खाली बाईंचा क्रमांक होता.

साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. “बाई, हे काय? आपल्याकडे असलं काही चालतं का?”

“साहेब, तो रुमाल होता,” बाई म्हणाल्या.

“मला हे रुमालबिमाल काही माहीत नाही,” साहेब म्हणाले. “तुमचा परवाना, तुमची सही. काय ते तुमचं तुम्ही निस्तरा. ऑफिसचं नाव मध्ये येता कामा नये. परवाना गेला तर मला नाइलाजाने दुसरं माणूस बघावं लागेल, हेही आत्ताच सांगून ठेवतो.”

बाहेर रेडिओ पहिल्यांदाच गप्प बसला होता.

रविवारी दुपारी बाळ्या बाईंच्या घरी आला. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो बसला नाही. बाईंनी पाणी आणलं, तेही घेतलं नाही. त्याने खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. “नोटिशीचं उत्तर दिलंय मी. ही प्रत.”

बाईंनी चष्मा लावला. ‘मालाची माहिती मी स्वतः चुकीची कळवली होती. घोषणापत्र भरणाऱ्या व्यक्तीने माझ्या सांगण्यावर विसंबून ते भरले. त्यांचा यात दोष नाही.’ खाली बाळ्याची सही.

“हे काय लिहिलंस तू? तू तर बरोबर यादी पाठवली होतीस.”

“हो. बुधवारी, चार वाजून दहा मिनिटांनी. तुझी सही मंगळवारची आहे, त्यानंतर काहीच नाही. हिने सगळं जुळवून पाहिलं. ती म्हणत होती, मेल दाखवू, आपण सुटतो.”

“मग दाखवला का नाहीस?”

“मग तुझा परवाना गेला असता. पंचावन्नाव्या वर्षी तुला कोण दारात उभं करणार?” बाळ्या अगदी साध्या आवाजात बोलत होता. बाईंना वाटत होतं, त्याने ओरडावं. “त्या दिवशी संध्याकाळी मी दोनदा फोन केला होता ताई. तू घरीच होतीस ना?”

फोन लागत नव्हता, बॅटरी संपली होती, डोकं दुखत होतं. बाईंच्या ओठांवर सगळं येऊन गेलं. “होते,” त्या म्हणाल्या.

बाळ्याने मान हलवली.

“मी जाते शुक्रवारी,” बाई घाईने म्हणाल्या. “सगळं खरं सांगते. मेल माझ्याकडेही आहे. तुझी नोंदणी मी जाऊ देणार नाही.”

“ते तू बघ. मी वेगळंच सांगायला आलोय.”  त्याने हे पाठ करून आणलं होतं, ते बाईंना कळलं. लहानपणी कविता म्हणताना तो असाच भिंतीकडे बघायचा. “माझी शाळा, आईचं दुखणं, तुझं न झालेलं लग्न. कळायला लागल्यापासून ऐकतोय. खोटं नव्हतं त्यात काही. मला नेहमी वाटायचं, हे कसं फिटणार. आज फिटलं, असं मी धरतो. तूही धर. यापुढे माझ्याकडे येऊ नकोस, आणि मला बोलावू नकोस.”

“बाळ्या...”

“बाळ्या म्हणू नकोस,” तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला. उतरताना त्याने खालच्या शिंप्याला नेहमीसारखं “येतो” म्हटलं, तेही बाईंना ऐकू आलं.

त्या आठवड्यात बाईंनी तो मेल छापून घेतला. चार वाजून दहा मिनिटं, वर तारीख, सोबत यादी, सोबत दाखला. घडी करून पर्समध्ये ठेवला. सोमवारी ठेवला, मंगळवारी काढून पुन्हा वाचला, पुन्हा ठेवला. कस्टमची इमारत ऑफिसच्या समोरच होती, रस्ता ओलांडला की पायऱ्या. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी इस्त्रीची साडी काढून ठेवली. मनाशी सगळं ठरलं होतं. परवाना गेला तर गेला, कुठेतरी नोंदी लिहू, एका पोटाला असं किती लागतं. रडूही येऊन गेलं. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

शुक्रवारी त्या ती साडी नेसून नऊला ऑफिसात आल्या. साडेदहाला पर्स मांडीवर घेतली. पावणेअकराला एका गिऱ्हाइकाचा फोन आला, दुपारची मुदत होती, तेवढं त्यांनी भरून दिलं. अकराला दहा कमी असताना त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. समोरच्या पायऱ्या चढणारा बाळ्या त्यांना दिसला. तो एकटाच होता, अंगात त्याचा लग्नाचा कोट होता, आता पोटावर बसत नव्हता म्हणून बटणं उघडी. दारातल्या शिपायाला त्याने नोटीस दाखवली आणि तो आत गेला.

बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. रेडिओने विचारलं, “बाई, चहा सांगू का?” त्या म्हणाल्या, “सांग.” चहा आला, तो त्यांनी उभ्यानेच प्यायला. साडेअकराला बाळ्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागला. त्याने वर बघितलं नाही.

बाराच्या सुमारास साहेब स्वतः केबिनबाहेर आले, हातात कागद, चेहऱ्यावर हसू. भावाची नोंदणी तीन वर्षं बंद झाली होती. बाईंवर काही नव्हतं. “सुटलात बाई,” साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आजकाल कोण कोणासाठी एवढं करतं हो? भाऊ असावा तर असा.”

सगळं ऑफिस बाईंकडे बघत होतं. बाईंनी पर्स टेबलाच्या खणात ठेवली आणि पदर सारखा केला.

“मीच वाढवलाय त्याला,” त्या म्हणाल्या.